एका फूटपट्टीनं वर्णपट मोजताना : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

रेडिओ तरंगांपासून गॅमा किरणांपर्यंतचा तो रंगीत पट्टा शाळेपासून पाठ आहे. पण त्यातला एकही आकडा मी स्वतः मोजलेला नाही, आणि ही गोष्ट बरेच दिवस खुपते आहे. म्हणून हा प्रकल्प. साधनं दोनच: तीस सेंटिमीटरची स्टीलची फूटपट्टी आणि पाच मीटरची टेप. एवढ्यावर किती प्रकारच्या तरंगांची लांबी मोजता येते ते पाहायचं.

सगळीकडे एकच सूत्र लागणार: वेग = वारंवारता × तरंगलांबी. सेकंदाला किती तरंग निघतात ते वारंवारतेनं कळतं, एकेक किती लांब आहे ते तरंगलांबीनं. गुणाकार केला की पहिला तरंग सेकंदात कुठवर पोचला ते मिळतं. हिशेब सरळ आहे, पण तरंग म्हणजे नेमकं काय सरकतं हे हातानं पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. सुरुवात दोरीपासून.

६ जानेवारी

सहा मीटर दोरी, वजन १२० ग्रॅम, म्हणजे मीटरला २० ग्रॅम. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं कप्पीवरून सोडून त्याला १ किलोचं वजन. मधोमध लाल फितीचा तुकडा बांधला. धाकट्या बहिणीनं एका टोकाजवळ तळहाताच्या कडेनं फटका मारायचा आणि मी मोबाईलवर सेकंदाला २४० चौकटींचं चित्रण करायचं, अशी वाटणी.

एका टोकापासून दुसऱ्या टोकाला उंचवटा पोचायला तीन वेळा ६७, ६६, ६७ चौकटी लागल्या. वेग सुमारे २१.५ मीटर प्रतिसेकंद. ताणाला दर मीटरच्या वस्तुमानानं भागून वर्गमूळ काढलं तर २२.१ येतो. थोडा कमी पडला तो कप्पीच्या घर्षणामुळे असावा, वजनाचा सगळा ताण दोरीत उतरत नाही.

मग बहिणीला जोरात मारायला सांगितलं. उंचवटा जवळजवळ दुप्पट झाला. चौकटी? ६६. तिला पटेना, म्हणून आणखी चार वेळा मारून पाहिलं. जोर वाढवला की उंची वाढते, वेग नाही. मग वजन १ किलोचं ४ किलो केलं तेव्हा ३४ चौकटींत पोचला. चौपट ताण, दुप्पट वेग. म्हणजे वेग ठरवते दोरी आणि तिचा ताण, मारणाऱ्याचा हात नाही.

आजची सगळ्यात मोलाची गोष्ट मात्र फितीची. चित्रण हळू करून पाहिलं तर फीत वर गेली, खाली आली आणि जिथल्या तिथं थांबली. बहीण म्हणाली, "दादा, मग इकडून तिकडे गेलं काय?" दोरीचा कणही पुढे गेला नाही. पुढे गेली ती ऊर्जा: प्रत्येक तुकड्यानं शेजारच्याला ओढलं, त्यानं पुढच्याला. माध्यम जागेवर आणि हालचाल प्रवासाला. हे वाक्य मला माहीत होतं, पण फीत पाहण्याआधी ते ऐकीव होतं.

आणखी एक टिपून ठेवतो, पुढे लागेल: गजावर आपटून उंचवटा उलटा होऊन परतला. वर होता तो खाली. गज हलत नाही, तो दोरीला उलट खेचतो, त्यामुळे.

१२ जानेवारी

साठ सेंटिमीटर लांबीचा सपाट ट्रे, त्यात १ सेंटिमीटर पाणी. एक बाजू बोटभर उचलून सोडली की एक फुगवटा इकडून तिकडे फेऱ्या मारतो. तीन पूर्ण फेऱ्यांना ११.७ सेकंद. पाणी ४ सेंटिमीटर केलं तर ५.८. पुन्हा तेच: चौपट खोली, दुप्पट वेग. उथळ पाण्यात वेग गुरुत्वत्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ असतो.

समुद्रात लाट तिरकी येत असली तरी किनाऱ्याशी येईतो जवळजवळ समांतर होते, त्याचं कारण हेच. जे टोक आधी उथळात शिरतं ते आधी मंदावतं आणि उरलेली लाट वळून त्याच्या रांगेत येते. काचेत शिरताना प्रकाश वळतो तोही असाच, मंदावल्यामुळे. आज एवढंच.

१९ जानेवारी

ध्वनी. ३ सेंटिमीटर आतल्या व्यासाचा पीव्हीसी पाईप, आत काठीला बांधलेलं घट्ट बूच, काठीवर पट्टीनं केलेल्या खुणा. पाईपच्या तोंडाशी मोबाईलमधून ५०० हर्ट्झचा सूर लावायचा आणि बूच हळूहळू मागे ओढायचं. एका जागी आवाज अचानक भरून येतो. तिथं पाईपमधला हवेचा स्तंभ त्या सुराशी अनुनाद करतो: बुचाशी निस्पंद (हवा हलत नाही ती जागा), तोंडाशी प्रस्पंद (सर्वांत जास्त हलते ती जागा), आणि मधलं अंतर पाव तरंगलांबी.

पहिला अनुनाद १६.३ सेंटिमीटरवर. चौपट केली तर ६५.२, आणि वेग ३२६ मीटर प्रतिसेकंद. खोलीचं तापमान २७ अंश आहे, वेग ३४७ च्या जवळ यायला हवा. वीस मीटरची चूक! पट्टी पुन्हा लावली, बूच पुन्हा सरकवलं, पुन्हा १६.३. अर्धा तास मोबाईलच्या सुरावर संशय घेण्यात गेला.

मग बूच आणखी मागे नेलं. दुसरा अनुनाद ५१.१ वर. दोन अनुनादांमधलं अंतर ३४.८, ती अर्धी तरंगलांबी. पूर्ण ६९.६, वेग ३४८. बरोबर! चूक पट्टीची नव्हती आणि सुराचीही नव्हती. हवेचा स्तंभ पाईपच्या तोंडाशी संपत नाही, थोडा बाहेर सांडतो, साधारण त्रिज्येच्या ०.६ पट. इथं ते ९ मिलिमीटर. एकाच अनुनादावर विसंबलं की हे ९ मिलिमीटर हिशेबातून निसटतात. दोन घेतले की वजाबाकीत आपोआप उडून जातात. नियम ठरवला: इथून पुढे टोकापासून मोजायचं नाही, खुणेपासून खुणेपर्यंत मोजायचं.

ध्वनीत हवेचे कण तरंगाच्या दिशेनंच पुढेमागे होतात, म्हणून तो अनुतरंग. दोरी आडवी हलत होती, तो अवतरंग. प्रकाशही अवतरंगांच्याच घरातला आहे. पण त्यात आडवं हलतं काय, हा प्रश्न पुढच्या वाचनासाठी.

२५ जानेवारी

फसलेला दिवस. १०० मेगाहर्ट्झच्या आसपासचं एफएम केंद्र लावलं. तरंगलांबी ३ मीटर. भिंतींवरून परावर्तित झालेले तरंग आणि थेट येणारे तरंग यांची गाठ पडून खोलीत दर दीड मीटरला आवाज खरखरायला हवा, तिथं टेप लावायची, असा बेत. खरखर झाली, पण जागा ठरेना. खूण केलेल्या ठिकाणी परत गेलो तर तिथं आवाज स्वच्छ. बहीण दारात येऊन उभी राहिली आणि खरखर पुन्हा सुरू झाली.

तेव्हा उमगलं: मी आणि ती, आम्हीच परावर्तक आहोत. माणसाचं शरीर या लांबीच्या तरंगांना चांगलंच अडवतं आणि परतवतं. मोजणारा हलला की मोजायची गोष्ट हलते. आकडा लिहीत नाही.

१ फेब्रुवारी

वाचन. आडवं काय हलतं याचं उत्तर जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्याकडे आहे, आणि ते ज्या वाटेनं आलं ती वाट मला फार सुंदर वाटते.

१८५६ मध्ये वेबर आणि कोलराउश यांनी विजेच्या मोजमापातला एक गुणोत्तराचा आकडा प्रयोगानं काढला. त्यात प्रकाशाचा कुठेही संबंध नव्हता, काम होतं विद्युतभार साठवण्याचं आणि सोडण्याचं. त्याआधी १८४९ मध्ये फिझो यांनी प्रकाशाचा वेग मोजला होता: ७२० दातांचं फिरतं चाक आणि ८,६३३ मीटरवर आरसा. दातांच्या फटीतून गेलेला प्रकाश परत येईपर्यंत पुढचा दात आडवा आला की अंधार. वेबर-कोलराउश यांचा आकडाही वेगाच्याच एककात येतो, आणि दोन्ही ठिकाणी मिळालेला वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटरच्या थोडा वर. मॅक्सवेल यांच्या समीकरणांतून निघालं की बदलतं विद्युतक्षेत्र चुंबकीय क्षेत्र निर्माण करतं, बदलतं चुंबकीय क्षेत्र विद्युतक्षेत्र, आणि ही जोडी नेमक्या त्याच वेगानं पुढे जाते. १८६५ च्या निबंधात त्यांनी प्रकाश हा विद्युतचुंबकीय तरंग असल्याचं मांडलं. विजेच्या आकड्यातून प्रकाश निघाला!

म्हणजे हलतात ती क्षेत्रं, एकमेकांना काटकोनात आणि प्रवासाच्या दिशेलाही काटकोनात. दोरी लागत नाही. त्या काळच्या लोकांना हे पचलं नाही, दोरीच्या जागी त्यांनी 'ईथर' नावाचं सगळीकडे भरलेलं अदृश्य माध्यम कल्पिलं. १८८७ मध्ये मायकेलसन आणि मोर्ले यांनी त्या ईथरमधून जाणाऱ्या पृथ्वीची चाहूल घ्यायचा प्रयत्न केला, ती लागली नाही.

त्याच सुमारास हाइनरिश हर्ट्झ यांनी ठिणगीतून रेडिओ तरंग निर्माण केले, भिंतीवरच्या जस्ताच्या पत्र्यावर आपटवले आणि परतणाऱ्या तरंगाशी मिळून तयार झालेल्या, पुढे न सरकता जागीच हलणाऱ्या स्थिर तरंगाचे निस्पंद शोधून लांबी मोजली. पाईपमध्ये मी केलं तेच. फरक एवढाच की त्यांनी ते कुणीही न पाहिलेल्या तरंगावर केलं. १८९० च्या दशकात जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात ही लांबी मिलिमीटरपर्यंत खाली आणली आणि पिळलेल्या तागाच्या जुड्यांनी त्या तरंगांच्या ध्रुवीकरणाची, म्हणजे आडवं हलण्याची, दिशा फिरवून दाखवली. आडवा तरंग असल्याशिवाय ध्रुवीकरण होत नाही.

८ फेब्रुवारी

मायक्रोवेव्ह ओव्हन. मागच्या पट्टीवर २४५० मेगाहर्ट्झ छापलेलं आहे, म्हणजे वारंवारता आयती मिळाली. ओव्हन ही धातूची पेटी, आत तरंग भिंतींवर आपटून स्थिर तरंग होतात. जिथं प्रस्पंद तिथं जास्त तापणार, आणि शेजारच्या दोन प्रस्पंदांमधलं अंतर अर्धी तरंगलांबी, इथं साधारण ६.१ सेंटिमीटर.

फिरती थाळी काढली, नाहीतर सगळीकडे सारखंच तापतं. पुठ्ठ्यावर ओलसर कापड, त्यावर पावत्या छापायचा उष्णतेनं काळा पडणारा कागद. कोपऱ्यात पेलाभर पाणी, ओव्हन रिकामा चालवायचा नाही म्हणून. दहा सेकंद.

कागदावर काळे ढग उमटले, पण वेडेवाकडे. काही ४ सेंटिमीटरवर, काही ६, काही ९. हवे तेवढे निवडून ६.१ ची सरासरी सहज काढता आली असती, आणि हाच धोका आहे. उत्तर आधीपासून माहीत असलं की डोळे तेच ठिपके निवडतात. आजचे आकडे रद्द. उद्यासाठी नियम आधीच लिहून ठेवतो: कागदाची रुंद पट्टी मधोमध, वेळ कमी, आणि पट्टीच्या मधल्या रेषेवर पडलेले सगळे डाग घ्यायचे, एकही सोडायचा नाही.

९ फेब्रुवारी

सहा सेकंद. मधल्या रेषेवर चार डाग. अंतरं ५.९, ६.४, ६.२. सरासरी ६.१७, दुप्पट १२.३३ सेंटिमीटर. गुणिले २.४५ अब्ज = सेकंदाला ३.०२ लाख किलोमीटर!

मान्य आकडा २,९९,७९२.४५८ किलोमीटर, आणि १९८३ पासून मीटरची व्याख्याच त्यावर बसवलेली आहे. एका टक्क्याच्या आत आलो, पण तो माझ्या पद्धतीचा अचूकपणा समजू नये. एकेका अंतरात तीन-चार टक्के फरक आहे, आणि पेटी तिन्ही दिशांनी बंद असल्यामुळे डागांमधलं अंतर नेमकं अर्ध्या तरंगलांबीइतकंच असेल असंही नाही. तरीही प्रकाशाच्या वेगाला पट्टी लावली, हे खरं.

कागद पाहून झाल्यावर बहीण ओव्हनच्या दाराशी बसली होती. दारात भोकांची जाळी आहे, एकेक भोक दीड मिलिमीटरचं. आतला दिवा दिसतो आणि आतले सूक्ष्म तरंग बाहेर येत नाहीत, असं का? १२ सेंटिमीटरच्या तरंगाला ती जाळी अखंड पत्र्यासारखी. प्रकाशाचा तरंग भोकाच्या हजारो पटींनी लहान, त्याला ते भोक म्हणजे उघडं मैदान. वर्णपटातले दोन भाग एकाच जाळीशी किती वेगळे वागतात ते एका दारात दिसतं. म्हणून त्या दाराशी आणि जाळीशी कधीही खेळ नको, हेही तिला सांगितलं.

१६ फेब्रुवारी

कडक ऊन. विल्यम हर्शेल यांचा १८०० सालचा प्रयोग. खोक्याच्या तोंडाशी लोलक, तळाशी पांढरा कागद, त्यावर सूर्याचा वर्णपट. तीन थर्मामीटर, फुगे काळ्या शाईनं रंगवलेले. सावलीत तिन्ही २४.५ अंशांवर होते. पाच मिनिटांनी निळ्यात २६.५, पिवळ्यात २८, आणि तांबड्याच्या पलीकडे, जिथं कागदावर काहीही दिसत नाही, तिथं ३०.

आकडा येणार हे माहीत असूनही तो पारा चढताना बघत राहिलो. कोऱ्या कागदावर काहीतरी पडतंय आणि डोळ्यांना त्याचा पत्ता नाही.

एक गैरसमज मात्र इथं सहज होतो: सूर्याची सर्वाधिक ऊर्जा तांबड्यापलीकडच्या, अवरक्तातल्या याच जागी आहे, असा. लोलक रंग सारखे पसरत नाही. जांभळ्याकडे तो ऐसपैस पसरतो आणि तांबड्याकडे दाटीवाटीनं बसवतो, त्यामुळे तिथं एका फुग्यावर तरंगलांबीचा जास्त मोठा पट्टा पडतो. तरंगलांबीनुसार पाहिलं तर सूर्यप्रकाशाचा कळस ५०० नॅनोमीटरच्या आसपास आहे, दृश्य भागातच.

लोलकानं लांबी मोजता येत नाही. त्यासाठी उद्यापासून सीडी.

२२ फेब्रुवारी

सीडीवरच्या वळणांमधलं अंतर ठरलेलं असतं: १.६ मायक्रोमीटर. एवढ्या जवळच्या रेघांवर प्रकाश पडला की प्रत्येक रेघेवरून तो निघतो, आणि शेजारच्या दोन रेघांच्या वाटांमधला फरक नेमका एक तरंगलांबी असेल त्या कोनात सगळे शृंग (तरंगांचे उंचवटे) एकत्र येतात. तिथं ठिपका.

पुठ्ठ्याला छिद्र, छिद्रातून तांबडा लेझर, ५० सेंटिमीटरवर सीडी उभी. मधला परावर्तित ठिपका पुन्हा छिद्रातच पडेपर्यंत सीडी सरळ केली. डोळे लेझरच्या पातळीच्या वर, बहीण पुठ्ठ्याच्या मागे.

पहिला ठिपका छिद्रापासून २२.४ सेंटिमीटरवर. कोन २४.१ अंश, त्याची ज्या (साइन) ०.४०९, गुणिले १६०० नॅनोमीटर: ६५४. लेझरवर लिहिलंय ६५०. हिरव्या लेझरचा ठिपका १७.५ वर, उत्तर ५२९, लिहिलंय ५३२.

ज्या पट्टीवर मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ नाही तिनं मिलिमीटरचा दीड हजारावा भाग मोजला! वारंवारता निघते सेकंदाला ४.६ कोटी कोटी. दोरी हलवणारा हात सेकंदाला दोन-तीनदा वरखाली होतो, हे क्षेत्र तेवढ्यात कोटीच्या कोटीपट वेळा.

वही मिटताना बहीण म्हणाली, "ते १.६ तू कुठं मोजलंस?" नाही मोजलं. उसनं आहे.

२३ फेब्रुवारी

रात्रभर तो प्रश्न डोक्यात. सूक्ष्मदर्शक नाही. पण सीडीवरचा मार्ग म्हणजे एकच लांबच लांब सर्पिल रेघ आहे. रेघेची लांबी गुणिले दोन वळणांमधलं अंतर = भरलेल्या कड्याचं क्षेत्रफळ. कडं पट्टीनं मोजता येतं!

माहितीचा भाग आतून २५ मिलिमीटर त्रिज्येपासून बाहेर ५८ पर्यंत. क्षेत्रफळ ८,६०५ चौरस मिलिमीटर. ७४ मिनिटांची ध्वनिमुद्रण सीडी वाचकाखालून सेकंदाला १.२ मीटर या वेगानं सरकते. म्हणजे रेघ ५,३२८ मीटर, सव्वापाच किलोमीटरहून जास्त. भागाकार: १.६१५ मायक्रोमीटर.

१.२ चा आकडाही उसनाच आहे हे मान्य. पण तो वेगळ्या वाटेनं आला आणि उत्तर जुळलं. काल रात्रीपेक्षा माझा ६५४ वर जास्त विश्वास आहे.

२ मार्च

अतिनीलाची कड. १८०१ मध्ये योहान रिटर यांनी जांभळ्याच्या पलीकडे सिल्व्हर क्लोराइड ठेवलं आणि ते दृश्य प्रकाशापेक्षा जास्त लवकर काळं पडलं. माझ्याकडे अंधारात चमकणारा हिरवट स्टिकर आणि ३९५ नॅनोमीटरचा जांभळा एलईडी.

खोली अंधारी करून स्टिकर विझू दिला. तांबडा लेझर त्यावर पूर्ण मिनिटभर रोखला. बंद केल्यावर काहीच नाही. मंद एलईडी एक सेकंद लावला तर स्टिकर लख्ख चमकला.

दोरीच्या दिवशीचं आठवलं. तरंगाची ऊर्जा उंचीतून येते, मग मिनिटभर ओतलेला प्रखर तांबडा प्रकाश कमी का पडावा? निव्वळ तरंगाच्या हिशेबात याला उत्तर नाही. १९०५ मध्ये आइनस्टाइन यांनी मांडलं की प्रकाशाची ऊर्जा पुडक्यांत येते आणि एका पुडक्याची ऊर्जा वारंवारतेवर ठरते. तांबड्याचं पुडकं १.९ इलेक्ट्रॉनव्होल्टचं (एवढ्या लहान ऊर्जा मोजायचं एकक), ३९५ चं ३.१ चं. स्टिकरमधल्या इलेक्ट्रॉनला वर चढायला मोठं पुडकं लागतं, आणि लहान पुडकी कितीही आली तरी ती जोडून मोठं होत नाही. क्ष-किरण आणि गॅमा किरण शरीराला इजा करतात आणि रेडिओ तरंग तसं रेणू फोडत नाहीत, तेही यामुळेच.

क्ष-किरणांच्या लांबीला माझी सीडी पुरणार नाही. ती लांबी अणूंमधल्या अंतराएवढी, तिथं रेघा स्फटिकातल्या अणूंच्याच हव्यात. १९१२ मध्ये माक्स फॉन लौए यांच्या कल्पनेवरून स्फटिकातून क्ष-किरण सोडले गेले आणि ठिपके मिळाले. घरी करण्याजोगं ते नाही. माझ्या पट्टीची हद्द इथं.

दिवे लावण्याआधी बहिणीनं एलईडीवर छिद्र पाडलेला काळा कागद बांधला आणि स्टिकरवर दोरीतल्या उंचवट्याचं चित्र काढलं, हिरव्या रेघेत. मग त्याच रेघेशेजारी तांबडा लेझर कितीतरी वेळ फिरवला. ठिपका जाईल तिथं तेवढाच दिसत होता, मागे स्टिकर काळाच.